जंतूंचं म्हातारपण

मॅडम सकाळचं पहिलं ऊन कुणाला देत नसत. मला नाही, सिस्टरला नाही, आणि दोरीवर धुणं घालायला टपलेल्या शेजारच्या काकूंना तर नाहीच. पूर्वेच्या पायरीवर ऊन उतरलं की त्या आतून प्लेटांची चळत घेऊन यायच्या आणि एकेक प्लेट डोळ्यांसमोर धरून बसायच्या. प्लेट म्हणजे झाकणाची चपटी, गोल, पारदर्शक डबी. तिच्या तळाशी रक्त घालून गोठवलेली लाल खळ, आणि त्या खळीवर कुणाच्या तरी लघवीतले, थुंकीतले, जखमेतल्या पुवातले जंतू पेरलेले. उन्हात धरली की प्लेट आतून पेटायची. लाल चंद्रच. जंतूंनी जिथं रक्त खाल्लेलं असेल तिथं त्या चंद्राला उजेडाची भोकं पडलेली असायची. मॅडम एक डोळा मिटून त्या भोकांतून बघायच्या. मला कायम वाटायचं की पलीकडं त्यांना हिंगोली दिसतच नाही. दुसरंच एखादं गाव दिसतं, जिथं रहिवासी मुंगीच्या डोळ्याहून बारीक आहेत आणि कुणालाच कसली घाई नाही.

घाई मला होती. अजून आहे. माझं खरं शिक्षण पत्रकांवर झालंय. चार ओळींत आरोप, पाचव्या ओळीत मागणी, आणि खाली 'आपले नम्र' नव्हे, 'आपले संतप्त'. डेपोच्या फाटकावर, आठवडी बाजारात, वारंगा फाट्यावर ट्रकवाल्यांच्या हातात मी पत्रकं कोंबली आहेत. एखाद्या माणसाबद्दल लिहायला बसले की तो दोषी की निर्दोष, एवढंच माझ्या हाताला कळतं. मॅडमबद्दल लिहिताना म्हणूनच अडचण होते. त्यांच्यावर पत्रक निघत नाही. पेन टेकवलं की ऊनच आठवतं.

त्यांची माझी गाठ मात्र पत्रकामुळंच पडली. आम्ही काही पोरं-पोरी बुवाबाजीच्या विरोधात काम करायचो. एका गल्लीतून तक्रार आली की तिथं एक शिकलेली बाई राहते, एकटीच, ती मेंढीच्या मानेतून रक्त काढते, रक्तात मणी टाकून बाटली हलवत बसते, आणि रोज मेंढीसमोर बसून काहीतरी पुटपुटते. तक्रार करणारे काका शपथेवर सांगत होते. बाईचं शिक्षण ऐकून तर माझं डोकंच फिरलं. अडाण्यानं केलं तर समजू शकते, शिकलेल्यानं केलं तर त्याचा जाहीर पंचनामाच व्हायला पाहिजे. आम्ही तिघं पत्रकांचा गठ्ठा घेऊन थेट दारात.

दार उघडंच होतं. अंगणात गुरांचे डॉक्टर सुई घेऊन उकिडवे बसलेले, आणि पांढऱ्या केसांच्या, पांढऱ्या कोटातल्या एक बाई मेंढीच्या कपाळाला कपाळ लावून उभ्या. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं तुमी तिघं आलात," त्या म्हणाल्या. "एकानं मागचे पाय धरा. दाबायचे न्हाईत, नुसते धरायचे."

आमच्यातल्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मी गठ्ठा खाली ठेवला आणि पाय धरले. का धरले, सांगता येत नाही. त्यांच्या बोलण्यात असं काही होतं की आपण पाय धरायलाच आलो होतो असं वाटलं. मेंढीनं आपणहून मान एका बाजूला वळवली. लोकर कातरलेल्या जागी सुई गेली. सगळं इतकं शांत होतं की गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा ऐकू येत होता. मग मॅडमनी ते रक्त काचेच्या चंबूत घेतलं, चंबूत काचेचे मणी होतेच, आणि तो माझ्या हातात दिला. "हलव. गोल गोल. थांबू नको, नाहीतर गोठेल." मी हलवत राहिले. मणी किणकिणत होते. हळूहळू त्यांच्याभोवती रक्तातले धागे गुंडाळले गेले, किणकिण मंद झाली, जड झाली, आणि वरचं रक्त पातळ, गोठायचं विसरलेलं, तसंच राहिलं.

म्हणजे तक्रारीतला शब्दन् शब्द खरा होता. मेंढी, रक्त, मणी. आणि पुटपुटणं? मॅडम कधीकाळी एका मेडिकल कॉलेजात जंतुशास्त्र शिकवायच्या. निवृत्त होऊन गावी परतल्या आणि घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी जंतू वाढवून बघायची प्रयोगशाळा थाटली. जगात कुठं काय नवीन छापून आलं ते त्यांची भाची त्यांच्या मोबाइलवर पाठवायची, आणि मॅडम ते शोधनिबंध मोठ्यानं, मराठीत करून, मेंढीला वाचून दाखवायच्या. माणसांना वाचून दाखवलं तर ती मधेच आपली तब्येत सांगतात, असं त्यांचं म्हणणं.

मेंढीला त्या 'सिस्टर' म्हणायच्या. दवाखान्यात नर्सबाईला म्हणतात तसं, पूर्ण मान देऊन. "सिस्टर, जरा सरका." "सिस्टर, पेशंट आलाय." फाट्याजवळ तळ टाकलेल्या एका धनगराकडून त्यांनी ती कोकरू असताना आणली होती. बाकीच्या मेंढ्या पळाल्या आणि हिनं वळून बघितलं, म्हणून हीच घेतली. मी विचारलं की जंतूंना मेंढीचंच रक्त काहून लागतं, माणसाचं काहून चालत नाही? "माणसाच्या रक्तात त्यानं खाल्लेल्या गोळ्या असतात," मॅडम म्हणाल्या. "जुन्या आजारांचे राग असतात. ते रक्त घालून केलेली प्लेट खोटं बोलते. सिस्टरनं आजवर एक गोळी खाल्ली न्हाई, कुणाशी भांडली न्हाई."

त्याच दिवशी मला खोलीही मिळाली. मी शहरात खोली शोधून शोधून थकले होते. फोनवर खोली रिकामी असायची आणि समोर गेल्यावर आडनाव सांगितलं की ती 'कालच गेलेली' असायची. त्यावर आम्ही पत्रक काढलं होतं, पत्रकानं खोली मिळत नाही. मॅडमनी आडनाव विचारलंच नाही. वर एक खोली पडून आहे म्हणाल्या. अट एकच, सिस्टरचे पाय धरायचे आणि चंबू हलवायचा.

ते दिवस आठवले की सगळं अर्धवट झोपेत घडल्यासारखं वाटतं. हळदीचा हंगाम असला की बाजाराकडून येणारा वाराच पिवळा व्हायचा. दारं, पायऱ्या, सिस्टरची पाठ, सगळ्यावर बारीक पिवळी भुकटी. दुपारी मॅडम मोठ्या कुकरमध्ये खळ शिजवायच्या. ती उतरवून निवत ठेवायची आणि मग तिच्यात रक्त घालायचं. फार गरम असेल तर रक्त करपणार, फार निवली तर खळ आधीच गोठणार. यासाठी त्यांच्याकडं थर्मामीटर होतं, त्याची काच केव्हाच तडकली होती आणि दुसरं आणायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्या बाटली गालाला लावायच्या. डोळे मिटून, बराच वेळ, तान्ह्या लेकराचं दूध बघावं तसं. "गालाला सोसेल एवढी ऊब," त्या म्हणायच्या, "तेवढीच रक्ताला सोसते." मला म्हणायच्या, लाव. मी लावायचे. खिडकीतून पिवळं ऊन, गालावर ऊब, अंगणात सिस्टरचं रवंथ. अशा वेळी जगात अन्याय आहे हे आठवायला मला फार जोर लावावा लागायचा.

त्यांचे काही नियम मला कळायचे, काही कळायचे नाहीत. प्लेटचा वास घ्यायचा नाही, हा कळायचा. तरुणपणी त्या स्वतः वासावरून जंतू ओळखायच्या, कुणाला द्राक्षांचा वास, कुणाला ओल्या मातीचा. आता त्या प्लेट नाकाजवळ नेणाऱ्याच्या हातावर पट्टी मारायच्या. "ज्यांना वासानं कळायचं त्यांच्यातले काही वासानंच गेले," एवढंच एकदा म्हणाल्या होत्या. पण दुसरा एक नियम मला छळायचा. त्या प्लेटा टाकत नसत. बाकीच्या प्रयोगशाळांत प्लेट एक-दोन दिवस बघतात, अहवाल लिहितात, फेकून देतात. मॅडमसुद्धा अहवाल वेळेवरच द्यायच्या, त्यात त्यांनी कधी कुणाला लटकवलं नाही. पण अहवाल गेल्यावरही प्लेटा कपाटातल्या एका फळीवर रांगेनं राहायच्या, आणि रोज सकाळी उन्हात येऊन जायच्या.

मी विचारलं, आता यांचं काय राहिलंय?

"यांचं म्हातारपण राहिलंय," मॅडम म्हणाल्या.

तरणेपणी सगळे जंतू सारखे दिसतात, गुळगुळीत, तुकतुकीत, दवाच्या थेंबासारखे. वय झालं की प्रत्येकाचं खरं तोंड दिसायला लागतं, असं त्या सांगायच्या. कुणी पसरतो, कुणी खचतो, कुणी हिरवा पडतो. कुणाला त्याचा काही उपयोग असो नसो, त्यांना ते बघायचं असायचं. बघून पोट भरलं की प्लेटा मोठ्या कुकरमध्ये जायच्या, शिट्ट्या व्हायच्या, आणि प्रत्येक वेळी मॅडम हलक्या आवाजात म्हणायच्या, "झालं बाबांनो, आता जा." शहरातले दुसरे लॅबवाले त्यांना वृद्धाश्रमवाल्या बाई म्हणायचे. मला वाटायचं, एवढी हुशार बाई आणि वेळ कशात घालवते. लोक मरून राहिलेत आणि ही जंतूंच्या सुरकुत्या मोजते.

मग मावशी आजारी पडली.

आई गेल्यावर मला मावशीनं वाढवलं. औंढ्याकडच्या एका गावात ती दुसऱ्यांच्या हळदीत राबायची. लावणी, निंदणी, सगळं चिखलात, अनवाणी. साखरेचा आजार तिला आधीपासून होता. पावसाळा सरता सरता ताप यायला लागला तो हटेचना. खोकला, रात्रीचा घाम, अंगावरचं मांस झडून गेलेलं. शहरातल्या एका तरुण डॉक्टरांनी फोटो काढला, छातीत डाग दिसला, थुंकीत काही सापडलं नाही, तरी लक्षणं बघून टीबीचं औषध सुरू केलं. मावशीनं एक गोळी चुकवली नाही. तरी ती खंगतच गेली, आणि मग तिचा गुडघा टम्म सुजला. गुडघ्यातला पू काढून त्या दवाखान्याच्या नेहमीच्या लॅबला पाठवलं. उत्तर आलं की त्वचेवरचा बाहेरचा जंतू मिसळलाय, दखल घेण्यासारखं काही नाही.

दखल घेण्यासारखं काही नाही! चिखलात उभं आयुष्य गेलेल्या बाईबद्दल हे वाक्य लिहायला कुणाचा हात धजतो, मी विचारते.

मी मावशीला खोलीवर आणलं. तिला जिना चढवेना म्हणून मॅडमनी खालच्या खोलीत कॉट टाकून दिली. मावशी सिस्टरकडं बघत पडायची. "ही बरी," म्हणायची, "रक्त देऊन बी टुणटुणीत. मी काई न देता वाळून राहिले." मॅडमनी डॉक्टरांना फोन केला, गुडघ्यातला पू परत काढून घेतला, आणि तो सिस्टरच्या रक्ताच्या प्लेटवर पेरला. आधीच्या लॅबलाही त्यांनी विचारलं, जुनी प्लेट आहे का? ती केव्हाच फेकलेली होती.

पहिल्या सकाळी प्लेट कोरी होती. पुढं बारीक ठिपके आले, फिकट, गुळगुळीत, कुणाचेही असू शकतील असे. मॅडमनी त्यातला एक काचेवर घेऊन रंगवला आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. गुलाबी बारीक काड्या, दोन्ही टोकं रंगलेली, मध्ये रिकाम्या. मिटलेल्या सेफ्टी पिनाच. मावशीच्या बांगडीत नेहमी दोन पिना अडकवलेल्या असतात, त्याच मला आठवल्या. मग त्यांनी दुसऱ्या एका प्लेटवर औषधाच्या कागदी टिकल्या ठेवल्या. ज्या टिकलीभोवती जंतू उगवत नाही, ते औषध लागू पडतं. जखमेच्या जंतूंवर सर्रास चालणाऱ्या एका इंजेक्शनाची टिकली होती, तिला हा जंतू खेटून उगवला. शेवटचं शस्त्र म्हणून राखून ठेवतात त्या औषधालाही खेटून. आणि एका साध्या गोळीच्या टिकलीभोवती मात्र लख्ख मोकळं रिंगण.

मॅडमनी ते रिंगण पट्टीनं मोजलं. मग म्हणाल्या, मला एक शंका आहे. त्यांनी डॉक्टरांना फोनवर सांगितली. डॉक्टर अदबीनं म्हणाले की मॅडम, पिनसारखे तर अनेक जंतू दिसतात, आणि आधीचा अहवाल बाहेरच्या जंतूचा आहे, टीबीच्या औषधाला थोडा वेळ देऊ. फोन स्पीकरवर होता. कॉटवरून मावशीच्या श्वासाची घरघर त्यांनाही ऐकू गेली असणार.

मला राहवेना. मी मॅडमना म्हटलं, तुमाला माहीत आहे ना काय आहे ते? मग ठणकावून सांगा. शंका काहून म्हणता?

"हा मातीतला जंतू असणार," मॅडम म्हणाल्या. "चिखलातून अंगात शिरतो, साखरवाल्याला आधी धरतो, आणि टीबीचं सोंग घेतो. मी सिस्टरला वाचून दाखवते ना, त्यात आता हेच येऊन राहिलंय. जगभरातले लोक म्हणतात, हा सापडतो त्याहून पुष्कळ जास्त असणार, कुणी थांबून बघतच न्हाई. पण 'असणार' आणि 'आहे' यांच्यामध्ये एक प्लेट असते. ती अजून तरणी आहे."

त्या दुपारी मी पत्रक लिहिलं. एका बैठकीत, न थांबता. डॉक्टरांचं नाव, दवाखान्याचं नाव, 'टीबीच्या नावाखाली' वगैरे सगळं. छापायला न्यायच्या आधी मॅडमसमोर धरलं. त्यांनी ते घेतलं, उठल्या, पायरीवर गेल्या आणि प्लेट धरतात तसं उन्हात धरलं. एक डोळा मिटून वाचलं.

"चांगलं आहे," म्हणाल्या. "पण याचंही वय झालेलं न्हाई. ठेव फळीवर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. कॉटवरून मावशी म्हणाली, "काहून रडून राहिली गं? मी हाये अजून. पेपर काय, उद्या बी छापता येईल." ती हसली, पण ते हसणंसुद्धा तिला पुरलं नाही, खोकल्यात गेलं. ते पत्रक मॅडमनी खरंच त्या फळीवर ठेवलं, म्हाताऱ्या प्लेटांच्या रांगेत.

नंतरच्या सकाळी मी पायरीवर मॅडमच्या शेजारी बसायचे. मावशीचा ताप रात्री चढायचा, पहाटे उतरायचा, आणि मी त्या उन्हाची वाट बघायचे. आयुष्यात एवढी वाट मी कोणत्या मोर्चाची बघितली नाही. ऊन यायचं. प्लेट वर जायची. एक डोळा मिटायचा. मॅडम 'अजून न्हाई' म्हणून मान हलवायच्या. प्लेट खाली.

मग एका सकाळी त्यांनी मावशीची प्लेट वर धरली आणि डोळा मिटलाच नाही. दोन्ही डोळे उघडे. असं मी कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी प्लेट चळतीत परत ठेवली नाही. बाजूला, एकटी ठेवली. "मागं सर," म्हणाल्या. "सिस्टरला गोठ्यात ने. आणि येताना ती रुंद चिकटपट्टी आण." आवाज शांत होता, पण त्या उठल्या, कोपरापर्यंत हात धुतले, तोंडाला मास्क बांधला, नवे हातमोजे चढवले. ज्या प्लेटांना त्या अंगाखांद्यावर खेळवायच्या, त्यांच्यातल्या या एकीभोवती त्यांनी पट्टीचे वेढे दिले, झाकण हलणार नाही असे. मग मला लांबूनच दाखवली. काल-परवापर्यंतचे ते दवाचे थेंब सुकले होते. त्यांच्यावर सुरकुत्या पडल्या होत्या, मधून कडेकडं जाणाऱ्या चुण्या, सुकलेल्या शेवंतीसारख्या. लाल चंद्रावर वाळलेली फुलं.

"तोंड दाखवलं," मॅडम म्हणाल्या.

त्या रिक्षा करून डॉक्टरांकडं गेल्या, मी सोबत. पेशंटांची रांग दाराबाहेर आली होती. डॉक्टर उभे राहिले. मॅडम बसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "गर्दी ओसरली की घरी या. चहा देते. एक म्हातारी दाखवायची आहे." बिचारे दुपारी स्टेथोस्कोप गळ्यात घालूनच आले.

पायरीवर बसवून मॅडमनी त्यांना पट्टी बांधलेली प्लेट दाखवली. मग सूक्ष्मदर्शक, मग टिकल्यांची प्लेट. डॉक्टर परत पहिल्या प्लेटकडं आले. सिस्टर गोठ्यातून ओरडली तेवढाच आवाज. मी मनात पत्रकातली सगळ्यात धारदार ओळ तयार ठेवली होती.

"मी टीबीच समजलो," डॉक्टर म्हणाले.

"मीही समजले असते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडं प्लेट नव्हती. माझ्याकडं होती. बाकी फरक न्हाई."

माझी ओळ तशीच राहिली. डॉक्टरांनी आतल्या खोलीत जाऊन मावशीचा हात हातात घेतला, नाडीसाठी घेतला पण नाडी बघून झाल्यावरही सोडला नाही, आणि त्याच संध्याकाळी तिला भरती करून इंजेक्शनं सुरू केली. मॅडमनी जंतू डब्यात डबा, त्या डब्यात डबा असा बंद करून दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथं नवं यंत्र आहे, जंतूचा कण जाळून क्षणात नाव सांगणारं. तेही कधी चुकतं, मॅडम म्हणाल्या, त्याला जेवढे चेहरे शिकवलेत तेवढेच ओळखतं, सारखा दिसणारा शेजारी दाखवला तर त्याचंच नाव घेतं. म्हणून त्यांनी तिथल्या लोकांना जनुकं तपासूनच सांगा म्हणून विनवलं. फोन आला तो त्यांनी स्पीकरवर लावून सिस्टरसमोर धरला. मेलिऑयडोसिस, त्याच मातीतल्या जंतूचा आजार. मॅडमनी बरोबर ओळखलं होतं. पण फोन यायच्या आधीच मावशी उशीला टेकून बसायला लागली होती आणि दवाखान्याच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून भांडायला लागली होती. ते मला फोनपेक्षा खरं वाटलं. पुढं तिला कित्येक महिने गोळ्या होत्या. त्याही तिनं चुकवल्या नाहीत.

ते पत्रक मी फळीवरून काढलं. राग तसाच होता, आजही आहे. फक्त त्यातलं डॉक्टरांचं नाव खोडलं आणि मथळा बदलला: 'अख्ख्या जिल्ह्याला एक मेंढी?' मॅडमनी तेही उन्हात धरून वाचलं. म्हणाल्या, अख्ख्या न्हाई. दुसरीकडंही प्लेटा असतात, तयार येतात, लांबून, कोरड्या पडून येतात. तसं लिही. मी तसं लिहिलं, मथळा मात्र बदलला नाही. पत्रकाला थोडं तरी पत्रक राहू द्यावं लागतं. डेपोवर आम्ही ते वाटलं. डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात ते स्वतः चिकटवलं, आणि मॅडमकडं येणारे नमुने वाढले.

असंच चालत राहील असं मला वाटत होतं. स्वप्नात वाटतं तसं. एका सकाळी मॅडम एक प्लेट फार वेळ धरून बसल्या. एक डोळा मिटला, मग दुसरा मिटून बघितलं. मग प्लेट माझ्याकडं न बघता माझ्यासमोर केली.

"काही आहे का गं?"

प्लेटवर होतं. कडेला, बारीक, पण भरपूर. मला स्वच्छ दिसत होतं.

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी प्लेट मांडीवर ठेवली. सूर्य पुरता वर येईपर्यंत तशाच बसून राहिल्या. चेहऱ्यावर दुःख म्हणावं तसं नव्हतं, लांबच्या कुठल्या गावाहून निघताना माणूस मागं बघतो तसं काहीतरी होतं. "जिला उगवलेलं दिसत न्हाई तिनं कोरी प्लेट म्हणून सही करायची न्हाई," म्हणाल्या. "बास आता."

मी पुष्कळ धडपडले. मीच शिकते म्हणाले. या ना त्या दारात जाऊन प्रयोगशाळा चालवायला माणूस मागितला, सगळीकडं 'बघू' मिळालं. मॅडम म्हणाल्या, तू शिकू नको. प्लेट बघणारे तयार होतात, कॉलेजं भरलीत. प्लेटसाठी भांडणारं मिळत न्हाई. तू ते कर. त्यांनी उरलेल्या सगळ्या प्लेटा एकदम कुकरला लावल्या, शिट्ट्या ऐकत उभ्या राहिल्या, "झालं बाबांनो" म्हणाल्या, आणि भाची न्यायला आली तिच्यासोबत दूर निघून गेल्या. फोनवर आता त्या मलाच शोधनिबंध वाचून दाखवायला लावतात. मधे तब्येत सांगायची नाही, ही अट आहे.

सिस्टर मावशीकडं आहे. मावशी आता चिखलात उतरताना गमबूट घालते. गावातल्या बायांना तिनं तेच लावून दिलंय, न घालणारीला ती आपल्या गुडघ्यावरची खूण दाखवते. मी पत्रकं घेऊन त्या बाजूला गेले की मुक्कामाला तिथंच असते. सकाळी ऊन अंगणात उतरतं, पिवळं, आणि मी दारात दिसले की सिस्टर उठते. चालत माझ्याजवळ येते. आणि कुणी काही न सांगता मान एका बाजूला वळवते.

"बघ," मावशी म्हणते, "तू आली की मान देती. तिला वाटतं, तू घ्यायला आली."

लोकर आता वाढली आहे, कातरलेली जागा दिसत नाही. मी तिथं गाल टेकवते. गालाला सोसेल एवढी ऊब. सिस्टर हलत नाही. मान वळवून, शांत, तशीच उभी राहते, सुईची वाट बघत.